तळ्याच्या खोलीतला महिना

१

म्हाताऱ्याच्या मरणातून नर्सला काय मिळणार होतं, हे मोजणीबाईंनी सगळ्यात आधी मांडून पाहिलं. वारसा नाही, सूड नाही, सुटका नाही. उलट महिन्याचं एक बांधलेलं घर हातचं गेलं. बाकी शून्य. तरीही सगळ्यांची बोटं तिच्याचकडे, कारण गोळ्या तिच्या हातातल्या होत्या.

मोजणीबाईंनी एका मोठ्या इस्पितळाच्या औषधभांडारात तीस वर्षं गोळ्या मोजल्या होत्या. नाव पडलं ते तिथंच. निवृत्तीनंतर परिचारिका मंडळाकडे एखादी वाकडी तक्रार आली की मंडळ त्यांना बोलावी. माणसांशी त्या गोळ्यांसारखंच वागत: आधी ताटात ओतायचं, मग बोटानं एकेक बाजूला सारायचं.

प्रकरण असं होतं. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा, हृदयाचा रोगी. त्याची गोळी मोठी नाजूक. तिच्यात औषध आणि विष अगदी शेजारी राहतात. सकाळी एक, संध्याकाळी एक, त्यावर नाही. एक तारखेला नर्सनं साठ गोळ्यांची बाटली भरून त्याच्या उशाशी ठेवली. तेवीस तारखेला सकाळी दहा वाजता तो मेलेला सापडला आणि बाटली रिकामी होती. हिशेबानं पंधरा गोळ्या उरायला हव्या होत्या. शवविच्छेदन करणारा डॉक्टर म्हणाला, एकदम गिळलेल्या नाहीत, जास्तीचं औषध तीन आठवडे थोडंथोडं साठत गेलं आहे.

म्हणजे कुणीतरी रोज थोडं जास्त देत होतं. आणि कागदोपत्री गोळ्यांना हात लावणारी एकच बाई होती.

नर्स समोर बसली होती. पस्तिशीची, इस्त्रीची घडी न मोडलेली, ओठ मात्र चावून चावून सोललेले. तीन दिवसांनी संध्याकाळी मंडळाची बैठक होती. मोजणीबाईंचा अहवाल तिच्या विरोधात गेला की तिची नोंदणी रद्द, आणि दाराबाहेर पोलीस उभेच.

मोजणीबाईंनी तिचा भेटींचा तक्ता पुढे ओढला. आठ तारीख, शिल्लक शेहेचाळीस. पंधरा तारीख, शिल्लक बत्तीस. बावीस तारीख, शिल्लक अठरा. प्रत्येक ओळीपुढे सही.

"अक्षर छान आहे तुझं," त्या म्हणाल्या. "आकडेही छान आहेत. तीस वर्षांत मला एवढे छान आकडे कधी मिळाले नाहीत. एखादी गोळी सांडते, एखादी माणूस विसरतो. तुझा म्हातारा मात्र यंत्र होता. आणि बावीसला अठरा शिल्लक असतील तर एका दिवसात त्या सगळ्या गेल्या. डॉक्टर म्हणतो, तसं झालं नाही. मग कोण खोटं बोलतंय, तू की डॉक्टर?"

नर्सनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत आलं. ती एक तारखेला गेली होती, त्यानंतर थेट तेवीसला. मधल्या भेटी घरी बसून लिहिलेल्या. बारा घरं, दोन पाय. ते म्हातारे गृहस्थ स्वतःचं औषध इतकं चोख घेत की तिथं जाणं तिला उधळपट्टी वाटे. आठवड्याच्या गोळ्या आठवड्याला द्यायच्या हा नियम होता, तिनं महिन्याच्या एकदम ठेवल्या.

मोजणीबाईंच्या लक्षात पेच आला. सह्या खऱ्या म्हटल्या तर ही खुनी. सह्या खोट्या म्हटल्या तर खुनातून सुटली, पण नर्स म्हणून संपली.

"तेवीसला गेलीस तेव्हा काय पाहिलंस?"

"मला वाटलं यंत्र बिघडलंय, बाई. बाहेर सकाळचे दहा वाजलेले, आणि आत तळ्यावर सूर्य मावळून गेला होता."

२

त्या तळ्याबद्दल वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. म्हाताऱ्याचा मुलगा व्हिडिओ कलावंत होता. भिंती, छत, जमीन यांवर चित्रं हलवून माणसाला अख्खा दुसरीकडे नेऊन ठेवायचा हा त्याचा धंदा. बाप जन्मभर तळ्याकाठच्या कारखान्यात हजेरी कारकून होता. खुबा मोडून तो कायमचा पडला, तेव्हा मुलानं घरामागच्या बिनखिडकीच्या स्टुडिओत त्याच्यासाठी तळं आणलं. बापाला तळं परत देणारा मुलगा, असा मथळा होता आणि खाली फोटोत मुलगा बापापेक्षा मोठा आला होता.

मुलानं मोजणीबाईंना हौसेनं खोली दाखवली. मधोमध पलंग. चारी भिंतींवर पाणी, लव्हाळे, पलीकडचा काठ. छतावर आकाश. फळ्यांखाली लावलेल्या कर्ण्यांतून लाटांची चुळबुळ पायांना जाणवत होती, आणि कुठूनसा ओला वारा. पूर्ण चोवीस तासांचं चित्रण, एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत, रोज तेच. भिंतीवरचं घड्याळसुद्धा चित्राचाच भाग होतं. मोजणीबाईंनी चपला काढल्या आणि सरळ मेलेल्या माणसाच्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. मुलगा जरा चपापला.

उजवीकडून कामगारांची बोट निघाली. तळं ओलांडून डावीकडच्या धक्क्याला लागली. बाईंचे ओठ हलत होते.

मुलगा सांगत होता, शेवटी शेवटी बाबांचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. चौदा तारखेला डॉक्टरांनी तारीख विचारली तर म्हणाले अठरा. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. "आणि ही बघा डायरी. तेवीसला गेले, पण डायरीत तीस तारखेपर्यंत लिहून ठेवलंय." त्यानं ती स्वतःहून बाईंच्या हातात दिली. वेड्याचं प्रमाणपत्र द्यावं तशी.

"त्यांचं मनगटी घड्याळ दिसत नाही."

"दुरुस्तीला दिलं होतं."

"कधी?"

"एक तारखेच्या आसपास. का हो?"

"उगीच," मोजणीबाई म्हणाल्या. फुकट मिळालेली वस्तू त्या नेहमी दोनदा तपासत.

३

सून स्वयंपाकघरात होती. चाळिशीची, देखणी असावी, पण डोळ्यांखाली इतकी काळी वर्तुळं की तिनं कुणाचा मार खाल्ला असावा असं वाटे. सहा वर्षं सासऱ्याचं सगळं तिनंच केलं होतं. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, पुन्हा पुसायचं. वर्तमानपत्रातल्या फोटोत ती नव्हती. फोटो निघाला तेव्हा ती चादरी धूत होती.

तिचा फायदा मांडणं सोपं होतं. एक म्हातारा गेला की तिला झोप मिळणार होती. बाईंनी मनात नोंद केली आणि विषय बदलला.

गोळ्यांना मी कधी हात लावला नाही, ती म्हणाली, बाबांना आवडायचंच नाही. उशाशी बाटली, खोलीत सूर्य उगवला की एक, मावळला की एक. ते सगळं नर्सबाई बघायच्या. नर्स दर आठवड्याला येत होती का, यावर तिनं क्षणभर बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, यायची की.

मोजणीबाईंना हे खोटं फार आवडलं. नर्सला सोडवण्यासाठी कुणी खोटं बोलतं तेव्हा ती दया असते. इथं हे खोटं तिला अडकवत होतं.

बाहेर पडताना वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली आणि न विचारता बोलू लागली. गेला अख्खा महिना या घरात पहाटे तीनला मिक्सर चालायचा, कधी रात्री एकला, कधी भर दुपारी सामसूम. विचारलं तर सूनबाई म्हणायची, सासरेबुवांना भूक लागलीय.

"आणि आता?"

"आता कसं गुण्यागोविंदानं, आठला मिक्सर, दहाला दिवे बंद. म्हातारा गेला आणि घर वळणावर आलं बघा."

४

डायरी मोजणीबाईंनी मंडळाच्या कचेरीत, खिडकीपाशी बसून वाचली. हजेरी कारकुनाची डायरी. भावना जवळजवळ नाहीत. काय खाल्लं, कोण आलं, किती गोळ्या उरल्या. आणि रोज एक आकडा: बोटीचा. म्हातारा बोट सुटली की मनात मोजायला लागे आणि धक्क्याला लागली की थांबे. हजेरीच्या खिडकीत बसून उशिरा येणाऱ्यांसाठी तो चाळीस वर्षं तसाच मोजत आला होता.

मागच्या महिन्यात रोज सातशेवीसच्या आसपास. सातशे अठरा, सातशेवीस, सातशे एकवीस. एक तारखेपासून पाचशे चाळीस. पाचशे एकेचाळीस. पाचशे चाळीस.

चौथ्या पानावर त्यानं लिहिलं होतं: "मुलाला विचारलं, बोट लवकर का पोचते. म्हणाला, बाबा, तीच फिल्म आहे, तुमचं मोजणं मंदावलंय. असेल. पण वय झाल्यावर मोजणं मंदावतं तर आकडा दिवसेंदिवस घसरत जायला हवा. रोज तोच कसा?"



काल पलंगावर बाईंनी स्वतः मोजलं होतं: सातशे बावीस. म्हणजे बोट आता पूर्वीच्याच चालीनं जात होती. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी पाचशे चाळीसला सातशेवीसनं भागलं. पाऊण.

पाऊण दिवस म्हणजे अठरा तास.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा हातात घेतली. तेवीस तारखेची सकाळ, अठरा तासांचा एक दिवस धरला तर कितवा दिवस? तिसावा. चौदा तारखेला डॉक्टर आला तेव्हा? अठरावा. साडेबावीस दिवसांत तीस सूर्योदय, तीस सूर्यास्त, साठ गोळ्या.

म्हातारा तारखेत एकदाही चुकला नव्हता. त्याला वेडा ठरवणाऱ्या कागदावरची प्रत्येक तारीख त्याच्या सूर्याप्रमाणे बरोबर होती. एक गोळी जास्त घेतली नव्हती, एक विसरला नव्हता. त्याच्या उशाशी कुणी विष ठेवलं नव्हतं. त्याचा दिवस कुणीतरी कापून बारीक केला होता, आणि त्या मापानं तो शिस्तीत, वेळच्या वेळी, स्वतःच्या हातानं मरत गेला होता.

५

यंत्रांची जोडणी करणारा माणूस शिडीवर सापडला, एका दुकानाच्या छताला प्रोजेक्टर लावताना. खाली उतरायला तयार नव्हता, म्हणून बाईंनी मान वर करून विचारलं आणि त्यानं वरूनच सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

हो, एक तारखेला साहेबांनी चाल वाढवून मागितली. चित्र पळवलं की पाणी जरा घाईचं दिसतं, पण तळंच ते, कुणाला कळतंय. घड्याळ चित्रातच असल्यामुळे तेही पळतं. आवाज मात्र त्यानं वेगळा ताणून बसवला, नाहीतर पक्षी किरटे ओरडले असते. त्या बारकाव्याचा त्याला अजून अभिमान होता. तेवीसला दुपारी साहेबांचा फोन आला, पूर्ववत करा. केलं.

"कशासाठी होतं हे?"

"कामासाठी, बाई. खोलीत आठ कॅमेरे आहेत की. तळ्यासमोर एक माणूस, तीस सूर्योदय. परदेशातल्या प्रदर्शनात लागायचंय. पंचवीस तारखेला पोचतं करायचं होतं, आणि सुरुवात करायला झाला उशीर. तीस सकाळी हव्यात आणि दिवस तेवीसच. मग काय करणार?"

मोजणीबाई खालून त्याच्याकडे बघत राहिल्या. धंद्यात त्यांनी लोभ पाहिला होता, द्वेष पाहिला होता. तारीख गाठण्यासाठी बापाचे दिवस तासून देणारा माणूस पहिलाच.

"आणि स्वयंपाकघरात कसं जमवलं? आतली सकाळ बाहेरच्या पहाटे तीनला यायची."

"वहिनींना मीच तक्ता छापून दिला ना. एका बाजूला खोलीची तारीख-वेळ, दुसऱ्या बाजूला बाहेरची. फ्रिजवर लावलेला असायचा."

बाई निघाल्या. मुलगा सापडला होता. पण गोळ्यांचं त्याला ठाऊक होतं का? तो म्हणेल, औषध नर्स बघते, मी चित्रकार माणूस. आणि ते टिकेलही. नर्सच्या सह्याच तसं सांगत होत्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी डायरीचं चोविसावं पान पुन्हा उघडलं. काल त्यावरून त्यांची नजर सहज पुढे गेली होती, इतकं ते साधं होतं. आज त्यांनी पानाचा कोपरा दुमडला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिघांना तळ्याच्या खोलीत बसवलं: मुलगा, सून आणि नर्स. दाराशी मंडळानं मागवलेला एक पोलीस. मुलानं दिवसाच्या मापाची गोष्ट नाकारली नाही. उलट थोडा सुखावला. काळ किती सापेक्ष असतो यावर बोलू लागला. गोळ्यांचं मात्र आपल्याला कसं कळणार, असं तो म्हणाला, आणि नर्सकडे बघितलं. सूनही नर्सकडे बघू लागली. नर्स जमिनीवरच्या लाटांकडे.

मोजणीबाईंनी डायरी उघडली आणि सावकाश वाचलं.

"तारीख चोवीस. डोळ्यांपुढे सगळं पिवळं दिसतं. मळमळ. गोळी जास्त होतेय की काय. बाटलीत तेरा उरल्या. सूनबाईला तारीख विचारली. म्हणाली, चोवीस, बाबा, महिना संपत आला. म्हणजे तेराच हव्यात. बरोबर आहे. मग तिनं बाटली घेऊन स्वतः मोजल्या. दोनदा मोजल्या. परत ठेवली."

बोट उजव्या धक्क्यावरून सुटली.

"त्या दिवशी बाहेर अठरा तारीख होती," बाई म्हणाल्या. "बाटलीत पंचवीस हव्या होत्या. हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण दोन्ही तारखा एकाच माणसाच्या फ्रिजवर होत्या. त्यांना शंका आली होती. त्यांनी विचारलं. अठरा म्हटलं असतंस तर त्यांनी त्याच क्षणी गोळी बंद केली असती. तू मोजल्यास, एकदा नाही दोनदा, आणि मग ठेवून दिल्यास."

सून शांत होती. "मी एक आकडा सांगितला," ती म्हणाली. "तोही यांनीच ठरवून दिलेला. खोलीत खोलीचीच तारीख सांगायची, नाहीतर काम बिघडेल, असं बजावलं होतं मला. सहा वर्षं जे सांगितलं ते केलं. हे एवढंच का मोडायचं होतं मी?" मग जरा थांबून, जणू भाजीचा भाव सांगावा तशी: "आणि तुमच्याकडे आहे काय? एका वेड्याची डायरी."

यासाठीच बाईंनी आदल्या रात्रीच डॉक्टरच्या दारात अठरा तासांचा हिशेब टाकून ठेवला होता. वेडेपणाचा कागद त्यानं सकाळी मागे घेतला होता. पण ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्या मुलाकडे वळल्या.

"आठ कॅमेरे होते. तो क्षणही असेल. तो पुसलात तर बायकोविरुद्ध फक्त डायरी उरते. अजून मी मागितलेला नाही."

मोजणीबाईंनी सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं, हे सगळ्यांना कळलं. सुनेनं महिन्याभरात पहिल्यांदा नवऱ्याकडे पूर्ण नजर लावून पाहिलं. मुलगा बराच वेळ हातांची बोटं मोजल्यासारखा एकमेकांत गुंतवत राहिला.

"पुसता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला कळत नाहीये. तिचा हात बाटलीवर थांबतो, आणि मागं पाणी चकाकत असतं. अकरा सेकंद. असा हात कुणाला सांगून मिळत नाही. अख्ख्या कामाचा कणा आहे तो." त्यानं खिशातून छोटी डबी काढली. "याची प्रत घ्या. पण काम थांबवू नका, एवढी विनंती आहे."

सून हसली. छोटंसंच, नाकातून.

"हा तुकडा वेगळा काढून ठेवलाय तुम्ही," मोजणीबाई डबी पोलिसाकडे देत म्हणाल्या. "जोडणीवाल्याला सकाळी विचारलं मी. तुम्ही रोजचं चित्रण त्याच दिवशी बघायचात. हा तुकडा अठरा तारखेला रात्री कापून नाव देऊन ठेवलाय. म्हणजे तिनं काय केलं ते तुम्ही त्याच रात्री पाहिलंत. आवाजासकट. बाबा त्यानंतर साडेचार दिवस जिवंत होते."

मुलाच्या कामाला त्या रात्री अजून सहा सकाळी हव्या होत्या, हे खोलीतल्या सगळ्यांना आता मोजता आलं.

७

संध्याकाळी बैठकीत अहवाल वाचला गेला. सून आणि मुलगा दोघंही पोलिसांच्या वेगवेगळ्या गाड्यांतून गेले होते. एकत्र बसायला सुनेनं नकार दिला. तीस सकाळींचं काम पुढे परदेशी प्रदर्शनानं परत पाठवलं आणि ते पुरावा म्हणून कपाटात गेलं. ते सलग पाहायचं काम तीन अधिकाऱ्यांवर आलं. त्यातला एक नवव्या सूर्योदयाला झोपला. जोडणीवाल्यानं फोन करून आपले प्रोजेक्टर कधी मिळतील एवढंच विचारलं.

म्हाताऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरून 'गोंधळलेली मनोवस्था' हे शब्द खोडले गेले. त्याचा उपयोग कुणाला, हे मोजणीबाईंनाही सांगता आलं नसतं; पण खोडताना त्या शेजारी उभ्या राहिल्या.

मग नर्सची पाळी आली. खुनाच्या संशयातून पूर्ण मुक्त. पुढच्या परिच्छेदात: न केलेल्या तीन भेटी, तीन खोट्या सह्या, आठवड्याऐवजी महिन्याच्या गोळ्या. आठ तारखेला ती गेली असती तर बाटलीत शेहेचाळीस नव्हे, एक्केचाळीस सापडल्या असत्या. पाच गोळ्यांचा फरक. तेवढा तिला दिसला असता. आकड्यांत ती हुशार होती. नोंदणी रद्द, कायमची.

कॉरिडॉरमध्ये तिनं बाईंना गाठलं. डोळे कोरडे होते.

"सह्या खोट्या आहेत हे मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं."

"हो."

"मग तुम्ही मला वाचवलंत की बुडवलंत?"

मोजणीबाईंनी अहवालाची प्रत भिंतीला टेकवून धरली, नोंदणीचा बिल्ला जमा केल्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "इथं सही कर. आणि आजचीच तारीख घाल."